मावळातल्या पायवाटा आणि डोंगरशर्यतींचे आयोजक : एक खुले पत्र

प्रति,
सह्याद्रीत ट्रेल रनिंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या आयोजक संस्था आणि त्यांच्यासाठी मार्ग आखणारे धावपटू यांना,



मावळ तालुक्यात घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरणारी तीन खोरी आहेत. उत्तरेला आंध्रा नदीचे आंदर मावळ, त्याखाली कुंडलीचे नाणे मावळ आणि दक्षिणेला पवनेचे पवन मावळ. नाणे आणि पवन मावळाच्या मधून इंद्रायणी वाहते. पुणे-मुंबई लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून गेले आहेत. आंध्रा आणि कुंडली पुढे इंद्रायणीलाच मिळतात. इंद्रायणी देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेत जाते, तर पवना पिंपरी-चिंचवड ओलांडून दापोडीजवळ मुळेला मिळते. तिन्ही खोऱ्यांची ठेवण सारखी आहे. तळाला भाताची खाचरे, त्यांच्या कडेने गावे, वरच्या उतारावर गायरान आणि राखीव जंगल, त्याहून वर ठाकर-धनगरांच्या वाड्या असलेली पठारे, आणि पश्चिमेला एकदम तुटलेला कडा. कड्याखाली कोकण.

डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, चढउतारांवर धावण्याच्या खेळाला ट्रेल रनिंग म्हणतात. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०१५ मध्ये त्याला अधिकृत क्रीडाप्रकार मानले. या खेळाला लागते ते सगळे मावळात लोकलच्या अंतरावर मिळते. पवन मावळात मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावातून लेण्यांच्या पायथ्याला, तिथून लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत, पुढे लोहगडवाडीवरून दुधिवरे खिंडीकडे आणि पवना जलाशयाच्या कडेने तिकोना पेठेला जाता येते. पाय शिल्लक असतील तर तुंगवाडीपर्यंत. नाणे मावळात कामशेतहून नाणे, गोवित्री, थोरण करत जांभवली गाठली की कोंडेश्वराच्या देवळाजवळून वाट जंगलात शिरते आणि ढाकच्या पठाराकडे चढते. आंदर मावळात टाकवे बुद्रुक, वडेश्वर, खांडी या गावांवरून ठोकरवाडी तलावाच्या बाजूने कुसूरच्या पठारावर पोचता येते. तिथून जुना कुसूर घाट भिवपुरीकडे उतरतो. पहिल्या मार्गात दगडी पायऱ्या आणि एकामागून एक चढ आहेत, दुसऱ्यात सावली आणि चकवा देणाऱ्या ढोरवाटा, तिसऱ्यात लांबच लांब उघडे पठार, जिथे दहा वाजल्यानंतर डोक्यावर झाड मिळत नाही.

या वाटा धावण्यासाठी झालेल्या नाहीत, हे लक्षात घेतल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. भाजे, कार्ले आणि बेडसे ही लेणी या परिसरात कोरली गेली, कारण कोकणातल्या बंदरांहून देशावर चढणारा माल बोरघाटातून इथेच येत होता. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. घाटात रेल्वे आली १८६३ मध्ये. म्हणजे दोन हजार वर्षे या खोऱ्यांचा व्यवहार पायांवर आणि बैलांच्या पाठीवर चालला, आणि त्याच रहदारीने वाटांचा माग पक्का झाला.

आजही प्रत्येक वाटेला काम आहे आणि कामाप्रमाणे तिचे नाव आहे. शिवारातून दोन बाजूंच्या कुंपणांमधून जाते ती पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. गुरे चरायला चढतात ती ढोरवाट; ती उताराला आडवी, सावकाश वर जाते, कारण गाय धाप लागेल असा चढ घेत नाही. सरपणाची मोळी घेऊन बायका उतरतात ती वाट अरुंद आणि थेट. खाचराच्या बांधावरून जाते ती वाट तर वाटच नव्हे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेली ती सवलत आहे.

आयोजकांकडे पहिली तक्रार इथेच आहे. उपग्रहाच्या चित्रावर या सगळ्या वाटा सारख्याच बारीक पांढुरक्या रेघा दिसतात, आणि कित्येक स्पर्धांचे मार्ग त्या रेघा जोडूनच आखले जातात. तहसील कचेरीचे पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, वनक्षेत्र असेल तर वनविभागाची मंजुरी, एवढे झाले की मार्ग मिळाला असे धरले जाते. पाणंद आणि शिवरस्ता गावनकाशात असतात, म्हणून त्यांच्यापुरते ते ठीक. बांध मात्र सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाचा असतो. त्यावरून रोज जाणारी दहा माणसे मालकाला नावानिशी माहीत असतात. एका सकाळी त्याच बांधावरून चारशे अनोळखी माणसे बिल्ला लावून धावत येतात, तेव्हा त्याला कुणी विचारलेले नसते; बहुतेक वेळा त्याला ते आधी कळलेलेही नसते.

मावळातला शेतकरी नकाशावरच्या रेघेला बिचकतो, त्याला इतिहास आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी लोणावळ्याच्या बाजूला वळवण आणि शिरोता हे तलाव झाले. त्यांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. आंदर मावळातला ठोकरवाडी तलाव भिवपुरीच्या केंद्रासाठी, १९२२ चा. स्वातंत्र्यानंतर पवना धरण झाले, ज्याचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची तड आजतागायत पुरती लागलेली नाही. पवनेचे पाणी बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. इथे बाहेरून आलेल्या माणसाने कागदावर रेघ ओढली की जमीन जाते, हा तीन-चार पिढ्यांचा अनुभव आहे. एक दिवसाची शर्यत जमीन घेत नाही, हे खरे. पण हे समजावून सांगण्यासाठी गावात येऊन बसावे लागते. विनंती अशी की मार्ग पक्का करण्याआधी आयोजकांनी प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत, किंवा निदान पोलीस पाटील, सरपंच आणि वाडीतल्या जाणत्या माणसांसमोर तो मांडावा, बांधाच्या मालकांना वेगळे भेटावे, आणि कुणी नको म्हटले तर कारण न विचारता मार्ग वळवावा.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. ती या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तक्रार आहे, कारण तिच्यात होणारे नुकसान मोजता येण्याजोगे आहे आणि टाळता येण्याजोगेही. मावळ हा भाताचा मुलूख. इंद्रायणी तांदळाचे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचे. आंबेमोहोर त्याहून कितीतरी जुना. भाताचे वर्ष चैत्र-वैशाखात सुरू होते. पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजतात. पहिल्या पावसाला राबावर रोप टाकतात. आषाढात चिखलणी आणि लावणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी. त्यानंतरही खाचर रिकामे नसते. ओलीवर हरभरा, मसूर किंवा वाल घेतला जातो. म्हणजे जानेवारीत शहरी डोळ्याला नुसते करडे दिसणारे शेतही पेरलेले असू शकते.

पावसाळी शर्यती नेमक्या लावणीच्या आठवड्यांत येतात, कारण तेव्हा डोंगर हिरवा असतो आणि धबधब्यांची छायाचित्रे चांगली निघतात. त्या वेळी खाचराचा बांध नुकताच चिखलाने लिंपलेला असतो. वरच्या खाचराचे पाणी ठरावीक जागेच्या मोरीतून खालच्यात, तिथून त्याखालच्यात, असे उतरत जाते आणि प्रत्येक खाचरात रोपाच्या गरजेइतके उभे राहते. ओल्या बांधावरून एक माणूस अनवाणी गेला तर बांध दबतो. शंभर माणसे खिळ्यासारखे रबरी दात असलेले बूट घालून गेली तर तो खचतो. एका जागी खचला की पाणी तिथून वाट काढते, खाचर रिकामे होते, दोन दिवसांपूर्वी लावलेल्या रोपांच्या मुळ्या उघड्या पडतात, आणि वरचे पाणी अचानक आल्याने खालच्या शेतकऱ्याचा बांधही जातो. कुटुंबाच्या वर्षभराच्या तांदळातला काही भाग एका सकाळी असा वाहून जातो, आणि तो कुणाच्या हिशेबात येत नाही. लावणीच्या दिवसांत शेताच्या पट्ट्यातून एकही शर्यत नेऊ नये. पावसात धावायचेच असेल तर डांबरी रस्ता आणि पक्की पाणंद एवढ्यावरच सुरुवात-शेवट ठेवावा. कापणीच्या दिवसांतही तसेच. तेव्हा वाटेत भाऱ्यांची ये-जा असते आणि डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला बाजूला व्हायला लावणे चुकीचे आहे. चढ असो वा उतार, धावणाऱ्याने थांबावे आणि ओझ्याला वाट द्यावी.

पौष-माघाचे दिवस उरतात. धावण्यासाठीही तेच चांगले: हवा कोरडी, वाट टणक, सकाळ थंड. मात्र तेव्हा गवत वाळलेले असते. फाल्गुनापर्यंत वणव्याचा धोका वाढत जातो. मुक्कामी छावणीतली शेकोटी, विझली असे समजून टाकलेली विडी-सिगारेट, फटाके लावून शर्यत सुरू करण्याची हौस, यांतले काहीही एक डोंगर काळा करायला पुरते. त्या गवतावर गुरांचा उन्हाळा अवलंबून असतो.

वाटेची झीज हा विषय बहुतेक आयोजकांना ठाऊक आहे, पण तो आपल्या शर्यतीला लागू नाही असे प्रत्येकाला वाटते. ओली माती बुटाखाली कापली जाते. मध्ये चिखल झाला की मागचे धावपटू कडेच्या गवतावरून जातात. गवत मरते, वाट रुंद होते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी धावते आणि तीन-चार हंगामांत वाटेची घळ होते. उतारावर ढोरवाटेने नागमोडी वळणे घेतलेली असतात. ती तोडून सरळ खाली उतरण्याच्या हव्यासाने पाण्याला आयता उतार मिळतो. गावकरी वाटेवर ठिकठिकाणी आडवे दगड लावतात, ते पायरी म्हणून नव्हे, पाणी बाजूला काढण्यासाठी. ठेच लागते म्हणून मार्ग साफ करताना हे दगड काढून फेकल्याचे प्रकार झाले आहेत. वाट साफ करणाऱ्या पथकात त्या गावचा एक तरी म्हातारा असावा. कोणता दगड पडलेला आणि कोणता लावलेला, हे त्याला बघताक्षणी कळते.

पठारांवर काळजी आणखी बारीक हवी. कातळावरची माती काही बोटे जाड. श्रावण-भाद्रपदात तिच्यावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे उगवतात आणि पाऊस संपताच बी टाकून सुकतात. त्या महिन्यांत पठारावर मळलेल्या वाटेबाहेर पाऊल पडू नये, आणि पडणारच नाही अशी आखणी जमत नसेल तर मार्ग पठारावर नेऊ नये.

आता अंतराविषयी. शर्यतीच्या जाहिरातीत किलोमीटर ठळक असतात आणि चढाई कोपऱ्यात, कधी तीही नसते. रस्त्यावर अर्धमॅरेथॉन पळालेला माणूस एकवीसचा आकडा पाहून नाव नोंदवतो आणि दुसऱ्या खिंडीत बसकण मारतो. मार्गाचा कस सांगण्याची पद्धत उपलब्ध आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना अंतरात दर शंभर मीटर चढाईमागे एक किलोमीटर मिळवते. पंचवीस किलोमीटरच्या मार्गावर एकंदर दीड हजार मीटर चढ असेल तर त्याचा भार चाळीस किलोमीटरचा धरायचा. त्याहून जुना आडाखा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा, १८९२ चा: चालणाऱ्याला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. त्या हिशेबाने हाच मार्ग चालत साडेसात तासांचा होतो, तोही घसारा, उकाडा आणि विश्रांती न धरता. असे असताना स्पर्धेची वेळमर्यादा सहा तास ठेवली, तर मागचे लोक उतारावर जिवावर उदार होऊन धावतात आणि घोटे तिथेच मुरगळतात. प्रत्येक आयोजकाने अंतर, एकंदर चढ, एकंदर उतार, सर्वांत अवघड टप्पा आणि पाण्याच्या जागा मराठीत, नोंदणीच्या आधी दिसतील अशा छापाव्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत काही स्पर्धा फार चांगले काम करतात, हे सांगितले पाहिजे. पण जिथे कसूर होते तिथे ती जिवावर बेतणारी असते. चीनमधल्या कान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरशर्यत झाली. १७२ स्पर्धक होते. दुपारी उंचावर एकाएकी गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा सुटला, आणि २१ धावपटू थंडीने गारठून मेले. वारारोधक जाकीट सक्तीचे नव्हते, केवळ सुचवलेले होते. त्या उघड्या डोंगरात सहा जणांचे प्राण एका मेंढपाळाने वाचवले. त्याने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवले. मावळात तशी थंडी नाही, पण जुलैच्या वाऱ्यापावसात घाटमाथ्याच्या पठारावर तासन्तास भिजलेला, थकून चालू लागलेला माणूस इथेही गारठतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावपर्यंत तो निम्म्याहून कमी होतो. तळेगावच्या आकाशाकडे पाहून कुसूर पठाराचा अंदाज बांधता येत नाही. धुक्यात पश्चिमेचा कडा दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. दरडीचा धोका वेगळाच. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे दगावली; ते गाव याच डोंगररांगांच्या कुशीतले होते. हवामान खात्याने घाटमाथ्यासाठी लाल इशारा दिला असताना शर्यत पुढे ढकलण्याची अट नोंदणीच्या वेळीच लिहिलेली असावी, म्हणजे परत मागितल्या जाणाऱ्या पैशांच्या दडपणाखाली निर्णय होणार नाही.

अपघात झाल्यावर काय, हा प्रश्न खोऱ्याच्या रचनेमुळे बिकट होतो. दवाखाने महामार्गाच्या पट्ट्यात आहेत: लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. खोऱ्याचे वरचे टोक तिथून पंधरा-वीस किलोमीटर आत, आणि जखमी माणूस रस्त्यापासून आणखी दीड तास वर. मोबाइलची रेंज शेवटच्या गावानंतर भरवशाची नसते. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखे बचाव पथक आहे, पण त्याला शर्यतीच्या आधी मार्ग कळवणे आणि अपघात झाल्यावर फोन करणे यांत फार अंतर आहे. आधी कळवावे.

नावांचा प्रश्न याच संदर्भात येतो. मार्ग आखणारे लोक चढांना आणि वळणांना आपली इंग्रजी नावे देतात. ती नकाशात आणि पदकांवर छापली जातात. गायमुख खिंड या नावाने भाज्यातला शाळकरी मुलगाही जागा दाखवतो. तिलाच एखादे भयंकर इंग्रजी विशेषण चिकटवले, तर तिथे पाय मोडून पडलेला धावपटू फोनवर जे नाव सांगतो ते खालच्या गावात कुणालाच समजत नाही. स्ट्रेचर उचलायला पहिल्यांदा पोचणारी माणसे त्याच गावची असतात. प्रत्येक सोंडेला, ओढ्याला, मोठ्या झाडाला गावात नाव आहे. मार्ग पाहताना ती विचारून वहीत घ्यावीत, नकाशावर देवनागरीत छापावीत आणि स्पर्धकांना आदल्या दिवशी सांगावीत. आयोजकांना याला एक रुपयाही खर्च नाही.

गडांवरून शर्यत नेण्याची पद्धत थांबली पाहिजे, असे स्पष्ट मत आहे. लोहगड आणि विसापूर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत; जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महा या चार दरवाजांमधून वर जाणाऱ्या पायऱ्या रविवारी साध्या फिरस्त्यांनीच भरलेल्या असतात. त्या गर्दीतून घड्याळाकडे पाहत उतरणारा धावपटू लहान मुलांना आणि वयस्कांना धोकादायक ठरतो. लोहगडाच्या विंचूकाटा या अरुंद सोंडेवर तर दोन माणसे एकमेकांना ओलांडताना सांभाळून उभी राहतात. गडाच्या पायथ्याने, खिंडीखिंडीतून धावावे. गड निवांतपणे, वेगळ्या दिवशी पाहावा. ढाकच्या बहिरीच्या गुहेकडे जाणाऱ्या कातळटप्प्यावरून शर्यत नेण्याची तर चर्चाही नको.

खुणांच्या फितींविषयी थोडक्यात: प्लास्टिकच्या नकोत, सुती असाव्यात, आणि शेवटच्या स्पर्धकामागून येणाऱ्याने त्याच दिवशी सोडवून आणाव्यात. दगडांवर, झाडांवर रंगाचे बाण मारू नयेत. लेण्यांच्या परिसरात ते मारलेले पाहून वाईट वाटते. पहाटे चार वाजता गावात ध्वनिक्षेपक लावून स्पर्धकांचा उत्साह वाढवण्याची प्रथाही बंद व्हावी. त्या गावात त्या वेळी आजारी माणसे, तान्ही मुले आणि धारा काढायला उठणारी माणसे असतात.

स्पर्धा संपल्यावर मार्गाची फाइल सर्वांसाठी खुली करण्याची चाल पडली आहे. शर्यतीच्या दिवसापुरती मिळालेली परवानगी त्यामुळे कायमची होते. मालकाने एका रविवारसाठी उघडलेल्या फाटकातून पुढे दर रविवारी दुचाकीस्वारही येऊ लागतात, फाटक उघडे राहते आणि गुरे पिकात शिरतात. खासगी जमिनीवरचा तुकडा फाइलीतून वगळून मगच ती प्रसिद्ध करावी.

पैशाचा हिशेब मोकळेपणाने मांडायला हवा. प्रवेश शुल्क हजारोंत असते. त्यातले गावात किती राहते, हे क्वचितच सांगितले जाते. वाटेवर दिवसभर उभ्या राहिलेल्या गावातल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून एक टी-शर्ट आणि जेवणाचे पाकीट मिळते; शहरातून आलेल्या ध्वनिचित्रकाराला मात्र मानधन मिळते. हा भेद गावाला दिसतो. वाटाड्याला, थांब्यावरच्या माणसाला, पाणी वर वाहून नेणाऱ्याला रोजच्या मजुरीहून कमी नसलेले पैसे त्याच दिवशी हातात द्यावेत. जेवणाचे काम गावातल्या महिला बचत गटाला द्यावे. पिठले-भाकरी, इंद्रायणीचा भात आणि आमटी हे धावून आलेल्या माणसाला वेष्टनातल्या गोड वड्यांपेक्षा नक्कीच मानवते. पाणीही विचारून घ्यावे: धरणाकाठच्या खोऱ्यातसुद्धा वरच्या वाड्यांच्या विहिरी माघ-फाल्गुनात तळ गाठतात, आणि तिथल्या बायका ते पाणी हंड्याने मोजतात.

या खोऱ्यांत धावणारी मुले आहेत. शाळेला डोंगर उतरून जाणारी, गुरांमागे पळणारी. ती शर्यतीच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात, कारण नोंदणी संगणकावर, इंग्रजीत आणि त्यांच्या घरच्या आठवड्याच्या बाजाराइतक्या शुल्कात असते. ज्या गावांतून मार्ग जातो तिथल्या धावपटूंना शुल्क माफ असावे, अर्ज मराठीत आणि कागदावर भरता यावा, आणि बूट नसलेल्यांना ते महिनाभर आधी मिळावेत, म्हणजे शर्यतीच्या दिवशी नवे बूट चावणार नाहीत.

मोठ्या संख्येने माणसे पायी नेण्याची शिस्त या भागाला परकी नाही. इंद्रायणीकाठच्या आळंदी आणि देहूहून दर वर्षी निघणाऱ्या पालख्यांबरोबर लाखो माणसे चालतात. प्रत्येक दिंडीला रथापुढे किंवा रथामागे ठरलेला क्रमांक असतो. कोणत्या गावी कुणाचा मुक्काम, कुणाकडून कुणाला जेवण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि ते मोडले तर दोन्ही बाजूंना रुखरुख लागते. शर्यतीच्या आयोजकाला यातून घेण्याजोगी गोष्ट व्यावहारिक आहे: गाव आणि येणारा यांच्यातला ठराव दर वर्षी नव्याने, तोंडोतोंडी, त्याच माणसांशी करायचा आणि तो लिहूनही ठेवायचा. दर वर्षी नवा मार्ग काढून नवी गावे जोडण्यापेक्षा एकाच मार्गावर दहा वर्षे टिकून राहणारी स्पर्धा वाटेलाही सोसते आणि गावालाही.

शेवटची विनंती शर्यतीनंतरच्या दिवसांची. पदके वाटून मांडव उतरला की आयोजकांचे काम संपते, आणि वाटेचे नुकसान पहिल्या पावसात दिसते. म्हणून शर्यतीनंतर पंधरा दिवसांत आयोजकांनी प्रत्येक गावच्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन संपूर्ण मार्ग चालत पाहावा, धावत नव्हे. खचलेले बांध, हललेले दगड, मोडलेली कुंपणे, झाडांवर राहिलेल्या फिती यांची यादी तिथेच करावी. बांधाची आणि कुंपणाची भरपाई मालकाच्या हाती लगेच द्यावी. वाटेची दुरुस्ती, म्हणजे आडवे दगड पुन्हा बसवणे, तोडलेली वळणे काट्यांनी बंद करणे आणि पाणी बाजूला काढणारे चर उकरणे, हे काम गावाकडूनच, मजुरी देऊन, मेअखेरपर्यंत करून घ्यावे. त्यानंतर माती भिजते आणि गावाला राबाकडे जावे लागते. त्याचा खर्च प्रवेश शुल्क ठरवतानाच धरलेला असावा.



पवन मावळातील एक डोंगरधावक